विहिरीतली हिरवी

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पूर्वी पातेली असायची, आता दगड असतात. आणि दगड ठेवायला लागलं की किस्से आपोआप जमतात, त्यांना वेगळं कपाट लागत नाही. एक जण सांगायला लागला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही, माझं ऐका." चहा परत सांगावा लागतो, बाहेर गिऱ्हाईक कुकरची शिट्टी हातात धरून ताटकळतं, आणि मी आत "मग पुढं?" करत बसलेला. धंदा असा करतात का, असं आमची मंडळी मला रोज विचारते. असाच करतात राव, पण तिला सांगणार कोण!

या बैठकीत कोण कोण असतं ते आधी सांगतो. मी जुन्नरच्या पेठेतला भांडेवाला. पणजोबा मारवाडातून इथं आले आणि मी अजून पेठेतून बाहेर पडलेलो नाही. सगळे मला शेठ म्हणतात, त्याचा पैशाशी काही संबंध नाही. दुसरा बबनभाऊ, बेल्ह्याचा. विहिरी खोदायची कंत्राटं घेतो. त्याची स्वतःची यारी आहे, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायची क्रेन. तिसरी रंजनाताई, शिनोलीची, खड्यांना पैलू पाडणारी. चौथे तिचे वडील, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांना सगळे दादा म्हणतात.

आणि पाचवी ती, जिच्यामुळं आम्ही एकत्र आलो. तिचं शास्त्रातलं नाव अपोफिलाइट. बबनभाऊच्या तोंडात ते बसत नाही, म्हणून आम्ही तिला नुसतं 'हिरवी' म्हणतो.

*

बबनभाऊ पहिल्यांदा दुकानात आला तो दगड घेऊन. काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "शेठ, तुमी भांडी चकाचक करून इकता. ह्याला काय लावावं?"

दगड खडूसारखा पांढराफटक. फक्त एका कोपऱ्यात काचेसारखे चौकोनी खडे, कोवळ्या कैरीच्या रंगाचे. तो म्हणाला, "विहिरीत पोकळी लागली, तिच्यात व्हतं हे. लई घासलं. तारंचा ब्रश मारला, फरशीचं ॲसिड वतलं. बाकी समदं निघालं, ह्यो कोपरा काय निघंना."

"काय निघंना?"

"शेवाळ, शेठ. विहिरीत हिरवं म्हंजी शेवाळच की."

मला दरदरून घाम फुटला. माझा मामेभाऊ पुण्यात खड्यांचा व्यापार करतो. त्याच्या कपाटात असाच एक तुकडा मखमलीवर बसवलेला मी बघितला होता आणि त्याला हात लावला म्हणून बोलणी खाल्ली होती. बबनला खाली बसवलं आणि सांगितलं, बाबा, हा रंग तिचा स्वतःचा आहे. व्हॅनेडियम नावाचा धातू कणभर मिसळला की ही हिरवी होते. अशी क्वचित सापडते, जगभरचे शौकीन लोक तिच्यामागं लागलेले असतात.

त्यानं त्या हिरव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "आन् मागल्या विहिरीला म्या पाट्या भरभरून घासल्या की हो."

*

ही चीज दगडाच्या पोटात येते कशी, हे बबनला कळल्याशिवाय चैन पडेना. मी काय कॉलेजात शिकलेला भूगर्भवाला नाही. मामेभावानं मला सांगितलं होतं तेच मी भांड्यांच्या भाषेत त्याला सांगितलं.

म्हटलं, आपला हा काळा खडक म्हणजे कधीकाळचा लाव्हा. थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, ढोकळ्याला जाळी पडते तशी जाळी पडली. मग त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्यात क्षार. बंबाला आतून पांढरी खपली धरते की नाही, तसे ते क्षार आत धरत गेले. फक्त घाई नव्हती. लाखो वर्षं निवांत बसले म्हणून खपली न होता खडे झाले.

बबनला हे इतकं पटलं की ज्याची विहीर खोदायला जाईल त्याला तो हेच ऐकवायला लागला, तेही माझ्या नावानं. परिणाम असा की एक दिवस एक बाई दुकानात आली आणि तिनं पदराखालून डबा काढला. डब्यात बंबाची खरवडलेली खपली!

म्हणाली, "बबनभाऊ म्हनला, शेठ ह्यो माल घेतात."

मी म्हटलं, "मावशी, माल बरोबर आहे, पण कच्चा आहे. अजून लाखभर वर्षं बंबातच राहू द्या."

बाईंनी जरा विचार केला. मग वर टांगलेल्या बंबांकडं बोट करून म्हणाल्या, "तेवढा टिकंल आसा एखादा दाखवा की मंग."

मी दाखवला. त्यांनी घेतलासुद्धा.

*

मामेभावाच्या ओळखीनं एकदा एक परदेशी पाव्हणा आला. हौशी माणूस, घरी दगडांचं म्युझियम केलेलं. त्याला बबनभाऊच्या घरी घेऊन गेलो. गाडी डांबरीवर लावली आणि पांदीच्या रस्त्यानं चालत निघालो.

आता ही पांद बबननंच दुरुस्त केलेली. पावसाळ्यात चिखल व्हायचा, म्हणून विहिरीतून निघालेला दगड त्यानं वर्षानुवर्षं तिथंच ओतलेला. ज्या काळात तो शेवाळ घासत होता त्या काळातला दगड, हे लक्षात घ्या.

पाव्हणा चार पावलं चालला आणि थांबला. खाली बसला. उठला, परत बसला. मग मान वर करायलाच तयार नाही. घर समोर दिसतंय, पण माणूस काही पोचेना. खिसे भरले, टोपी भरली, शेवटी गळ्यातला मफलर काढून त्यात बांधायला लागला.

दारात बबनची बायको, कमलवहिनी, चहाचं आधण ठेवून वाट बघत होती. तिला काही तो प्रकार बघवेना. कनवाळू बाई. पदर खोचून पुढं आली आणि पाव्हण्याशेजारी वाकून आपणही शोधायला लागली.

"हारवलं तरी काय त्याचं?" तिनं मला विचारलं. "आंगठी-बिंगठी आसंल तर पोरांना बी बलावते."

*

शिनोलीच्या विहिरीचा किस्सा मात्र वेगळा. तोवर बबन शहाणा झाला होता. पोकळी लागली की सुरुंग बंद करायचा आणि छिन्नी-हातोडी घ्यायची, हा त्याचा नियम. तिथं अशी पोकळी लागली की आत माणूस वाकून उभा राहील. भिंतींना नुसती हिरवी लगडलेली. आणि तिच्या बुडाशीच पाणी लागलं.

पहिलं हिरवं झुंबर यारीनं वर आलं तेव्हा मालकाची आई काठावर उभी होती. पाणी लागलेल्या जागेतून वर आलेली वस्तू, ती म्हातारीनं दगड म्हणून बघितलीच नाही. घरातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत झुंबर नखशिखांत शेंदरी करून टाकलं. नारळ फुटला. सगळे पाया पडले. बबनही पडला. मी जैन माणूस, मीसुद्धा हात जोडले, दुसरं करणार काय? तेलात कालवलेला शेंदूर त्या खड्यांवरून या जन्मात निघणार नव्हता.

मी तोंड पाडून बसलो. ते म्हातारीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "शेठ, ह्यो देव हिथंच ऱ्हाईल. पर आत त्याची भावंडं हायेत, ती घिऊन जा तुमी. येका इहिरीला येक देव पुरं."

भावंडं टेम्पोत मावली नाहीत.

त्याच गर्दीत रंजनाताई होती. पुण्यात एका कारखान्यात खड्यांना पैलू पाडायचं काम करायची, सुट्टीला घरी आलेली. खाली पडलेली एक कपची तिनं उचलली, उन्हात धरली आणि तिचं तोंड बदललं. पाण्यासारखी स्वच्छ कपची, आतून हिरवी. "हिला पैलू पाडले तर?" ती म्हणाली. तिनं नोकरी सोडली, जुनं मशीन घेतलं आणि शिनोलीत पत्र्याच्या खोलीत कामाला बसली.

दादांना हे अजिबात पसंत नव्हतं. एवढी वर्षं एसटीत काढलेला माणूस, त्यांना महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत माहीत. बापलेकीत शेवटी ठरलं की पुण्यातल्या दगडांच्या प्रदर्शनापर्यंत तिनं करून बघायचं. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात परत हजर व्हायचं. कारखान्याच्या मालकानं तिची जागा धरून ठेवली होती. रंजनाताईला परत जायचं नव्हतं. तिथं ती दिवसभर दुसऱ्यांचे खडे घासायची आणि वर एकालाही तिचं नाव ठाऊक नाही, हे ती चिडून सांगायची.

*

आता भिंगवाले. हे मुंबईचे व्यापारी, गळ्यात कायम भिंग, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. माणूस जाणकार, यात वाद नाही. माल बघायला आले तो नेमका बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस. बबनला बैल विकायचा होता, त्यामुळं त्यानं त्यांना सरळ बैलबाजारातच बोलावलं. पांढरी पँट घातलेले भिंगवाले शेणातून पाय उचलत आले.

रंजनाताईही आली होती. तिनं विचारलं, "साहेब, हिरवीला पैलू पाडले तर कुणी घेईल का?"

"घेतील, उड्या मारून घेतील. पण पडणार नाहीत," ते म्हणाले. "ही नाजूक जात. अंगठीत चालत नाही, शौकीन लोक डबीत ठेवतात. आडवी एका पातळीत इतकी सहज फुटते की चाकावर धरली की पापुद्रे सुटतात. हिच्या नावाचा अर्थच तो आहे. मी फुटलेल्या पुष्कळ बघितल्यात. नाद सोडा."

रंजनाताईचा चेहरा पडला. ते बघून बबनभाऊचं डोकं सटकलं. बाजारात एकमेकांचा हात टॉवेलाखाली धरून, बोटं दाबून भाव करायची पद्धत आहे, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. बबननं भिंगवाल्यांचा हात पकडला, वर टॉवेल टाकला आणि बोटं दाबायला सुरुवात केली. त्या गृहस्थांना काही समजेना. भर बाजारात एक अनोळखी माणूस हात कुरवाळतोय, चारी बाजूंनी दलाल टक लावून बघतायत. ते संकोचून नुसती मान हलवत राहिले.

टॉवेल निघाला. बबन मोठ्यानं म्हणाला, "झाला सौदा. गारगोट्या तुमच्या, आन् बैल बी तुमचा."

आणि कासरा त्यांच्या हातात दिला. भिंगवाले बैलाकडं बघतायत, बैल भिंगाकडं बघतोय. बैल नंतर आम्ही परत घेतला म्हणा, पण अख्ख्या बाजारानं त्यांना पाणी पाजून, पाठीवर थाप मारून "चांगली खरेदी झाली" म्हणून झाल्यावर.

*

पण भिंगवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रंजनाताईच्या खोलीत मी जायचो तेव्हा जमिनीवर हिरवे पापुद्रे पडलेले असायचे, कांदा सोलल्यासारखे. खडा धरायच्या दांडीला लाखेनं चिकटवायला गेली तर लाखेच्या उष्णतेनं खडा पांढरा पडून फुटायचा. मग तिनं थंड चिकटवण घेतलं. सपाट धरला तर फुटायचा, मग जरासा तिरका धरून बघितला. थोडा तग धरायला लागला. तरी शेवटच्या पैलूला गेलाच. एकदा ती हुंदके देऊन रडली. मला तिथून निघावंसं वाटलं, पण निघवेना.

एका दुपारी खडा अर्ध्यावर आला आणि लाइट गेली. आमच्याकडं लाइट जाते तेव्हा परत कधी येईल हे विचारायचं नसतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं. रंजनाताई उठली आणि आईचं पायाचं शिलाई मशीन ओढून आणलं. पट्टा काढला, पैलू पाडायच्या चकतीला लावला.

"दादा, पायडल मारा," ती म्हणाली.

दादा कुरकुरतच बसले. पण एकदा बसल्यावर त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. म्हणाले, "तू मान खाली घालून बसणार, मला कसं कळायचं थांबू का जाऊ? बेल दे." तिनं शेजारी स्टीलचा पेला ठेवला. चमच्यानं एकदा वाजवलं की थांबायचं, दोनदा वाजवलं की सोडायची.

टण्‌टण्. गाडी सुटली. टण्. थांबली. मोटर जे गरगर फिरवायची ते दादांच्या पायानं सावकाश फिरायला लागलं, आणि त्या सावकाश फिरण्यात हिरवी शांत बसली. एक पैलू झाला, दुसरा झाला, खालची बाजू झाली. पापुद्रा सुटला नाही. मी आणि बबन दाराशी श्वास धरून उभे. शेवटचा पैलू झाला, तिनं खडा पाण्यात बुडवून वर काढला आणि अंगणातल्या उन्हात नेऊन धरला. काय दिसला म्हणून सांगू! कैरीच्या फोडीत कुणी दिवा लावावा तसा. बबन तिथंच नाचायला लागला. मला इतका आनंद स्वतःच्या दुकानाच्या उद्घाटनाला झाला नव्हता.

आत मात्र मशीनची खडखड चालूच. जाऊन बघितलं तर दादा घामाघूम होऊन पायडल मारतायत.

"अहो दादा, झालं की," मी म्हटलं.

"आसं कसं झालं? सिंगल कुठं दिली तिनं?"

खडा बघितल्यावर दादांचेही डोळे भरले. पण माणूस पक्का. म्हणाले, "लई देखना झाला. पर येका खड्यानं घर चालत न्हाय. प्रदर्शनात घेनारं भेटलं, मागनी आली, तर बोल. न्हायतर ठरलंय तसं."

*

आणि प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. आमचं टेबल कोपऱ्यात. टेबलावर डबी, डबीत कापूस, कापसावर तो एकच खडा. टेबलाखाली रंजनाताईची सुटकेस, दादांनी स्वतः भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर कारखान्यात हजर व्हायचं होतं.

गर्दी जमली. एक वयस्कर शौकीन गृहस्थ खडा घ्यायला तयारही झाले. तेवढ्यात भिंगवाले आले. भिंग लावून त्यांनी खडा सावकाश फिरवून बघितला.

"बाई, काम फर्स्ट क्लास आहे," ते म्हणाले. "पण ही हिरवी नाही. दुसरा कुठला तरी खडा असेल, नाहीतर काच. हिरवीला असे पैलू पडत नाहीत, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

ते मुद्दाम बोलले असं नाही, त्यांना मनापासून तसंच वाटलं. पण त्यांचा शब्द म्हणजे त्या हॉलमध्ये शिक्का. शौकीन गृहस्थांनी खडा परत कापसावर ठेवला. माणसं एकेक करून मागं सरकली. बबननं बाह्या वर केल्या, मी त्याचा दंड धरला. दादांनी वाकून सुटकेस बाहेर काढली.

रंजनाताईनं शांतपणे विचारलं, "साहेब, हिरवीची खात्रीची खूण काय?"

"खूण म्हणजे, आडवी फुटते. आरशासारखी सपाट, आणि फुटलेल्या जागी मोत्यासारखी झाक असते. पण त्यासाठी फोडावी लागते हो."

थर्माकोल कापायला आणलेलं कटर तिथंच पडलं होतं. तिनं ते उचललं, पातं खड्याच्या कडेला टेकवलं आणि वरून माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यानं एकच टिचकी मारली.

टक्. खड्याचे सरळ दोन भाग झाले.

दादा मटकन सुटकेसवर बसले. भिंगवाल्यांनी अर्धा तुकडा उचलला, भिंग लावलं, उजेडाकडं वळवला, पुन्हा बघितलं.

"हिरवीच आहे," ते म्हणाले. "अहो, पण बाई, हे काय करून बसलात तुम्ही? असा खडा मी आयुष्यात बघितला नव्हता."

रंजनाताईनं पर्स उघडली आणि चष्म्याची डबी काढली. आम्हाला कुणालाच तिचा पत्ता नव्हता, मलाही नाही आणि दादांनाही नाही; दादा बाहेर गेले की ती आईला पायडलवर बसवायची, हे नंतर कळलं. तिनं झाकण उघडलं. आत कापसावर ओळीनं हिरवे खडे, एकापेक्षा एक मोठे.

"आजून खात्री करायची आसंल," ती म्हणाली, "तर ह्यातला कुठला फोडू? तुमीच सांगा."

भिंगवाल्यांनी दोन्ही हातांनी ती डबी झाकली. मागं सरकलेली माणसं पुढं आली, शौकीन गृहस्थ तर टेबलावर जवळजवळ आडवेच झाले.

दादा सुटकेसवरून उठले, बाजूला गेले आणि त्यांनी मोबाइल कानाला लावला.

"साहेब," ते म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कुनाला तरी देऊन टाका. आमची बाई कामात हाय."